स्पेक्ट्रमला एसडी कार्डाचा बोर्ड लावला की मशीन मधेच रिसेट होतं? आधी लूज कॉन्टॅक्ट शोधा

लक्षण असं. चाळीस वर्षांचा झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअरचा जुना घरगुती कॉम्प्युटर, आणि त्याच्या मागच्या एज कनेक्टरला डिव्हएमएमसी जातीचा, टेपऐवजी एसडी कार्डावरून गेम उघडणारा बोर्ड. पहिल्या दिवशी सगळं झकास चालतं. टेपवर पाच-पाच मिनिटं घेणारा गेम दोन सेकंदांत उघडतो, आपण खूश. आठवड्याभराने खेळता खेळता पडदा पांढरा होतो, किंवा रंगीत चौकटींची गोधडी दिसते, किंवा मशीन मुकाट्याने रिसेट होऊन खाली «© १९८२ सिंक्लेअर रिसर्च»वाली ओळ दाखवतं. मशीन बंद करून बोर्ड काढला, परत दाबून बसवला की पुन्हा चालू. आणखी आठवड्याने पुन्हा तेच.

माझ्याकडे हे सव्वा वर्ष चाललं. मामांकडून आलेला स्पेक्ट्रम प्लस आहे. याच मॉडेलची परवान्याने काढलेली आवृत्ती आपल्याकडे डेसिबेल्स या कंपनीने डीबी स्पेक्ट्रम म्हणून विकली होती, त्यामुळे माळ्यावर असं यंत्र सापडणारा मी एकटा नसणार. या सव्वा वर्षात मी तीन एसडी कार्डं बदलली, बोर्डावरचं सॉफ्टवेअर दोनदा नव्याने चढवलं आणि शेवटी एक दुसरा बोर्डही मागवला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नव्या बोर्डानेही नवव्या दिवशी तेच केलं.

खरा शोध भाचीने लावला. शेजारी बसून बघत होती. म्हणाली, «मामा, तू डावीकडे पळालास की बंद पडतं.» जॉयस्टिकची वायर त्याच मागच्या बोर्डाला होती. मी जोशात जॉयस्टिक ओढली की वायर ताणायची, बोर्ड केसभर तिरका व्हायचा आणि मशीन गार.

हा आजार काही नवा नाही. सिंक्लेअरच्याच १९८१ च्या झेडएक्स८१ या कॉम्प्युटरच्या मागे १६ केचा (किलोबाइटचा) रॅम पॅक, म्हणजे जादा मेमरीचा डबा लावायचे. टेबलाला धक्का लागला की तो हलायचा आणि तासभर टाइप केलेला प्रोग्रॅम जायचा. इंग्लंडातली पोरं तो पॅक ब्लू-टॅक नावाच्या चिकट लांबीने चिकटवून ठेवायची. स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ ला आला तो हाच उघडा एज कनेक्टर घेऊन. म्हणजे मशीनच्या सर्किट बोर्डाचीच मागची कड बाहेर काढलेली, तिच्यावर वर-खाली तांब्याच्या पट्ट्या. २८ जागा, दोन्ही बाजू धरून ५६, दोन पट्ट्यांमध्ये २.५४ मिलिमीटरचं अंतर. पाचव्या जागी खाच. ना स्क्रू, ना लॉक. बोर्ड धरून ठेवतो तो फक्त स्प्रिंगसारख्या पात्यांचा दाब.

दाबून बसवल्यावर चालतं, तिथेच फसगत होते

बोर्ड काढून घालताना कनेक्टरची पाती पट्ट्यांवर घासतात आणि वरची काळी पुटं खरवडली जातात, म्हणून काही दिवस कॉन्टॅक्ट मिळतो. आपल्याला वाटतं «सेटिंग बसलं». मग हवा लागते, पुन्हा पुट चढतं. ठाण्यात पावसाळ्यात माझा हा आठवडा चार दिवसांवर येतो, मे महिन्यात तीन आठवडेही निघतात. तुमचा त्रास हवामानाप्रमाणे मागेपुढे होत असेल तर कार्ड, सॉफ्टवेअर वगैरेंचा नाद सोडा आणि सरळ कनेक्टरकडे वळा.

कुठली पट्टी सुटली की काय दिसतं

हा भाग जरा निवांत वाचा. एकदा कळला की पडद्याकडे बघूनच निम्मं निदान होतं.

हा बोर्ड स्पेक्ट्रमच्या मूळ रॉमच्या, म्हणजे मशीनचं कायमचं सॉफ्टवेअर असलेल्या चिपच्या जागी स्वतःची मेमरी घुसवतो. कधी घुसवायची हे तो प्रोसेसरवर पाळत ठेवून ठरवतो. झेड८०, म्हणजे हा प्रोसेसर, जेव्हा मेमरीतल्या शून्य पत्त्यावरून, म्हणजे चालू होताना, किंवा हेक्साडेसिमल मोजणीतल्या ००६६ वरून, म्हणजे मेनूचं एनएमआय बटण (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा सिग्नल) दाबल्यावर, आणि अशाच आणखी काही ठरावीक पत्त्यांवरून हुकूम उचलतो, तेव्हा बोर्ड जागा होतो. प्रोसेसर हुकूम उचलतोय की नुसता डेटा वाचतोय, हे बोर्डाला कळतं एम१ नावाच्या पट्टीवरून. ती वरच्या बाजूला २४ व्या जागी आहे. बोर्ड जागा झाला की त्याने मूळ रॉमला गप्प बसवायचं असतं. ते होतं रॉमसीएस या पट्टीतून, ती खालच्या बाजूला २५ व्या जागी. दोन्ही पट्ट्या खाचेपासून लांबच्या टोकाकडे. खाच पाचव्या जागी असल्यामुळे त्या बाजूला बोर्ड जरा पक्का धरला जातो, आणि लांबचं टोक डुलतं. घोडं पेंड खातं ते इथे.

आता लक्षणं जुळवून बघा.

चालू केल्यावर बोर्डाचा संदेश येतच नाही, सरळ सिंक्लेअरची ओळ येते आणि बेसिक, म्हणजे मशीनमधली प्रोग्रॅमिंगची भाषा, व्यवस्थित चालतं: बहुतेक एम१ सुटलेली. बोर्ड झोपलेला, मशीनला त्याचा पत्ताच नाही.

चालू केल्याबरोबर कचरा, पट्टे, चौकटी, आणि बोर्ड काढला की मशीन ठणठणीत: रॉमसीएस किंवा डेटाची एखादी पट्टी. रॉमसीएस सुटली की मूळ रॉम गप्प बसत नाही आणि दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. दोन माणसं एकाच माइकवर बोलल्यासारखं, प्रोसेसरला काहीच कळत नाही.

मेनूचं बटण दाबलं की मेनू न येता मशीन रिसेट होतं: हे माझं आवडतं लक्षण. मूळ रॉममध्ये ००६६ ला जो तुकडा आहे त्यात १९८२ पासून एक चूक राहिली आहे. २३७२८ या जागेत लिहिलेल्या पत्त्यावर उडी मारायची सोय करायची होती, पण अट उलटी पडली. तिथे शून्य नसेल तर तो काहीच करत नाही, आणि शून्य असेल, जे सहसा असतंच, तर शून्यावर उडी मारतो. म्हणजे रिसेट. थोडक्यात, बटण दाबताना बोर्ड जागा झाला नाही तर एनएमआय मूळ रॉमच्या हाती सापडतो आणि मशीन रिसेट होतं. आणि बोर्ड जागा का होत नाही? कारण बटण बोर्डावरच आहे. ते दाबायला तुम्ही बोटाने बोर्ड खाली ढकलता आणि नेमक्या त्या क्षणी एम१ सुटते. बटण दाबताना दुसऱ्या हाताने बोर्डाला खालून आधार द्या. मेनू आला तर निदान झालंच.

बटण दाबून काहीच होत नाही, बाकी सगळं ठीक: एनएमआयची पट्टी, वरची १४ वी.

साफसफाई

आधी अ‍ॅडाप्टरची पिन काढा. स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटण नाही, त्यामुळे «बंदच तर आहे» असा गैरसमज होतो. चालू मशीनला बोर्ड लावायचा किंवा काढायचा नाही, कधीच नाही. खालच्या बाजूला तिसरी पट्टी ५ व्होल्टची आणि चौथी, तिला चिकटून, ९ व्होल्टची. बोर्ड तिरका जाऊन या दोन क्षणभर जरी जुळल्या तरी ५ वर चालणाऱ्या सगळ्या चिपना ९ मिळतात. बोर्डाच्या कनेक्टरमध्ये पाचव्या जागी खाचेत बसणारा प्लास्टिकचा तुकडा आहे ना, हेही बघा. स्वस्तातल्या काही बोर्डांना तो नसतो. नसेल तर असा बोर्ड मी माझ्या मशीनच्या जवळही आणणार नाही.

मग पांढरा, मऊ खोडरबर. शाईचा खरखरीत नको, पॉलिश पेपर तर नकोच, तो पट्टीवरचा मुलामा काढून टाकतो आणि मग महिन्याभरात दुप्पट वेगाने काळं होतं. आतून बाहेरच्या दिशेने, पट्टीच्या लांबीत घासा, आडवं नाही. वर आणि खाली. खालची बाजू सगळे विसरतात, आणि बोर्डाला लागणारी ५ व्होल्टची वीज खालूनच जाते. खोडरबराचा चुरा ब्रशने झटका. मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीला लावून पुसा. माझ्या पहिल्या कानकाडीचं टोक काजळासारखं काळं झालं, दुसऱ्याचं हिरवट, पाचवं पांढरं राहिलं तेव्हा थांबलो. अल्कोहोल मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, केमिकलच्या दुकानातही मिळतं. नेलपॉलिशचं रिमूव्हर वापरू नका, केसचं प्लास्टिक विरघळेल. गंज काढायचा तेलकट स्प्रेही नको. त्याचा थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

बोर्डाच्या बाजूचा कनेक्टर जरा अवघड. जाड व्हिजिटिंग कार्डाला सुती कापडाची एक घडी गुंडाळा, अल्कोहोलने ओलं करा, आत घालून दोन-चारदा मागेपुढे करा. कार्ड जास्त जाड नको. सर्किट बोर्ड साधारण १.६ मिलिमीटरचा असतो, त्याहून जाड काही आत कोंबलं तर पाती कायमची फाकतात आणि दुखण्यात भर पडते. नंतर टॉर्च धरून आत डोकवा. सगळी पाती एका रेषेत दिसली पाहिजेत. एखादं मागे झोपलेलं दिसलं तर सुईच्या टोकाने हलकेच पुढे आणा.

डुलणं थांबवा, नाहीतर सफाई वाया

स्पेक्ट्रम प्लसच्या खाली मागच्या बाजूला दोन पाय आहेत, ते उघडले की मशीन मागून उचललं जातं आणि टाइप करायला बरं वाटतं. पण मग मागचा बोर्ड अधांतरी लटकतो, वर जॉयस्टिकच्या वायरचं ओझं. पाय मिटा. मिटूनही बोर्डाखाली फट राहतेच. माझ्याकडे ती नेमकी कॅरमच्या दोन सोंगट्यांएवढी निघाली. दोन सोंगट्या दुहेरी टेपने एकमेकींवर आणि मग बोर्डाखाली चिकटवल्या आहेत. दिसायला गावठी, पण गेल्या पावसाळ्यात मशीन एकदाही बंद पडलं नाही. आधार इतकाच जाड हवा की बोर्ड त्यावर टेकेल. जास्त झाला तर तो बोर्ड वर ढकलतो आणि उलट्या बाजूची पाती सुटतात.

जॉयस्टिकची वायर टेबलाच्या कडेला क्लिपने अडकवून बोर्डाकडे थोडी ढिली सोडा. मधे रिबन केबल टाकून बोर्ड लांब ठेवायची युक्ती काहीजण करतात. वीतभरापर्यंत ठीक, त्याहून लांब केली की सिग्नल बिघडतात आणि एक दुखणं घालवून दुसरं घरात घेतल्यासारखं होतं.

वीज

कॉन्टॅक्ट पक्के करूनही रिसेट होत असेल, विशेषतः अर्धा-पाऊण तास गरम झाल्यावर, तर विजेकडे वळा. जुना अ‍ॅडाप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपियरचा, अनरेग्युलेटेड, म्हणजे भाराप्रमाणे व्होल्टेज वरखाली होणारा. मशीन न जोडता मोजला तर १२-१३ व्होल्ट दाखवेल, घाबरू नका, त्याचा स्वभावच तो. काळजी उलट दिशेची हवी. आतला कपॅसिटर वाळला की सरासरी ठीक दिसते पण दर आवर्तनात व्होल्टेज खड्ड्यात जातं. मशीनमधल्या ७८०५ रेग्युलेटरला, म्हणजे स्थिर ५ व्होल्ट देणाऱ्या भागाला, आपल्या ५ व्होल्टच्या वर दोनेक व्होल्टची मोकळीक लागते. खड्ड्यात ती मिळत नाही. एकटं मशीन कसंबसं तग धरतं, बोर्डाचा भार पडला की कोलमडतं. पडद्यावर हळूहळू वर सरकणारा आडवा, पुसट पट्टा दिसत असेल तर हेच समजा.

नवीन ९ व्होल्टचा रेग्युलेटेड अ‍ॅडाप्टर घ्या, २ अँपियरचा. पण थांबा. स्पेक्ट्रमची पिन मधे ऋण, बाहेर धन. बाजारातले बहुतेक अ‍ॅडाप्टर बरोबर उलटे असतात. उलटा लावला तर आतला व्होल्टेज बनवणारा भाग जातो, आणि जाताना रॅमलाही घेऊन जातो. गिटारच्या इफेक्ट पेडलचे अ‍ॅडाप्टर ९ व्होल्ट आणि मधे ऋण असेच असतात, पण त्यांतले पुष्कळ अर्ध्या अँपियरच्या आतले, ते पुरत नाहीत. वर काय छापलंय ते न मानता मीटर लावून खात्री करा. «जास्त ताकद» म्हणून १२ व्होल्टचा मात्र लावू नका, ती सगळी जादा वीज ७८०५ उष्णता म्हणून बाहेर टाकतो.

आता एक मोजणी, जी मी आधी केली असती तर दुसऱ्या बोर्डाचे पैसे वाचले असते. मशीन चालू, बोर्ड लावलेला. ७८०५ च्या बाहेर पडणाऱ्या पायावर व्होल्टेज मोजा. मग बोर्डावरच्या एखाद्या चिपच्या धन आणि ऋण पायांमध्ये मोजा. माझ्याकडे पहिलं ५.०१ आलं, दुसरं ४.६८. तेहतीस शतांश व्होल्ट वाटेतच गायब, म्हणजे कनेक्टरमध्येच. साफ केल्यावर फरक दोन शतांशावर आला. दोन्ही आकडे ४.७५ च्या वर आणि जवळजवळ सारखे हवेत. पहिलाच आकडा कमी असेल तर दोष अ‍ॅडाप्टरचा किंवा ७८०५ चा. ७८०५ च्या जागी तसंच तीन पायांचं, कमी तापणारं स्विचिंग मॉड्यूल बसतं आणि केस गरम होणं जवळपास थांबतं. मी बसवलं आहे. मूळ भाग जपणाऱ्यांना ते रुचत नाही, त्यांच्याशी वाद घालत नाही.

मोजायला केस उघडावी लागते. उघडताना कीबोर्डच्या मेंब्रेनच्या (कळांखालच्या पातळ प्लास्टिकच्या) दोन पट्ट्या मशीनच्या सर्किट बोर्डात खोचलेल्या असतात, जपा. जाळीदार झालेल्या पिंपळपानासारख्या झालेल्या असतात, वरचा भाग झटक्यात उचलला की मोडतात. नवी मेंब्रेन मिळते, पण परदेशातून मागवावी लागते.

कार्डाचं खरंच दुखणं असेल तर

ते वेगळं दिसतं. मशीन रिसेट होत नाही, चालू होतानाच बोर्डाचं सॉफ्टवेअर, बहुधा ईएसएक्सडॉस, पडद्यावर तक्रार करतं. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं, एकच पार्टिशन. ६४ जीबी आणि वरची कार्डं बहुधा एक्सफॅटमध्ये येतात, ती वाचली जात नाहीत. कार्डावरचं एसवायएस फोल्डर आणि बोर्डावरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर एकाच आवृत्तीचं हवं. एक बदललं आणि दुसरं जुनं राहिलं की अडतं. आरटीसी.एसवायएस समोर एरर दिसली तर सोडून द्या. बोर्डावर घड्याळाची चिप नाही एवढाच त्याचा अर्थ.

तुमचं मशीन स्पेक्ट्रमच्या नंतरच्या मॉडेलांपैकी काळं प्लस-टूए किंवा प्लस-थ्री असेल तर यातलं बरंच जसंच्या तसं लागू नाही. त्यात रॉम गप्प बसवायच्या ओळीच वेगळ्या आहेत, त्यामुळे बोर्ड त्या मॉडेलसाठी बनवलेला किंवा जंपर, म्हणजे जोडणी बदलायची छोटी टोपी, बदलता येणारा लागतो.

आणि बोर्ड नसतानाही बंद पडत असेल

हे खरं तर सगळ्यात आधी तपासा, मीच उशिरा सांगतोय. बोर्ड काढून मशीन तासभर चालू ठेवा. बेसिकमध्ये PRINT PEEK 23732 + 256 * PEEK 23733 टाइप करा. ४८ केच्या मशीनवर ६५५३५ आलं पाहिजे. ३२७६७ आलं आणि मशीन १६ केचं नसेल, तर वरची रॅम गेली आहे. चालू करताना नुसतेच पट्टे येत असतील तर खालच्या १६ केच्या आठ चिप तपासा, आयसी ६ ते १३. या ४११६ जातीच्या, त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर १२, नवव्यावर ५, आणि सोळावा ऋण. मीटरची टोकं जपून टेकवा, शेजारचे दोन पाय एकदम जुळले तर चिप तिथेच संपते. उणे ५ गायब दिसलं तर ताबडतोब पिन काढा, कारण ते नसताना १२ मिळत राहिले तर या चिप एकेक करून मरतात. नंतर आठही चिपवर बोट फिरवा. शेजारणींपेक्षा चटका देणारी जी असेल, ती बदलायची.